तीन मडक्यांची उतरंड

धुळ्याला परतले त्या दिवशी शेजारच्या कुलकर्णीबाईंनी जिन्यातच अडवलं. चार दिवस कुठे गायब होतात म्हणे. मी म्हटलं, भूकंप बघायला गेले होते. बाईंचा चेहरा पडला. कुठे झाला, कधी झाला, टीव्हीवर तर काहीच नव्हतं! मग त्यांना सांगावं लागलं, की भूकंप माझ्या आईच्या लग्नाच्याही आधीचा. सातपुड्यातून आला, खानदेश हलवून गेला, आणि मी त्याची चौकशी करायला गेले होते ती एवढ्या वर्षांनी. बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की पुढचं मी जिन्यात सांगितलंच नाही. ते इथे लिहिते.

यामागे माधुरी होती. छत्तीस वर्षं मी शाळेत भूगोल शिकवला, त्यात ही पोर नकाशात तापी उलटी वाहायला लावायची. आता पुण्यात ती जुन्या भूकंपांचा अभ्यास करते. त्या काळी आपल्या भागात धक्का मोजणारी यंत्रं नव्हती, त्यामुळे भूकंप किती जोराचा होता हे ठरवायचं त्याच्या करामतींवरून. कोण जागं झालं, कोण बाहेर पळालं, काय हललं, काय पडलं. त्यावरून प्रत्येक गावाला एक ते बारा यांतला एक आकडा द्यायचा. सगळ्या गावांचे आकडे नकाशावर मांडले की भूकंप कुठून आला, कसा पसरला ते कळतं, आणि पुढे शाळा, दवाखाने किती मजबूत बांधायचे तेही. "बाई, तुमच्या पट्ट्यात सगळीकडे पाच दिसतोय," माधुरी फोनवर म्हणाली आणि माझं डोकं फिरलं. पाच म्हणजे झोपलेले जागे होतात, टांगलेल्या वस्तू झुलतात, भांडी खडखडतात. सहा म्हणजे माणसं घाबरून घराबाहेर धावतात, मांडलेली भांडी खाली येतात, भिंतींचा गिलावा निघतो. मी म्हटलं, आमच्या खानदेशात काय नुसती भांडी खडखडली? तू बघच, सहा आणून दाखवते. आकडा मोठा म्हणजे लोकांचे हाल जास्त, हे कळत होतं मला. पण गुणपत्रिका तपासून तपासून सवयच लागलेली, आपल्या वर्गाला कमी गुण मिळाले की जीव खालीवर होतो.

माधुरीने एक फॉर्म पाठवला आणि एक ताकीद दिली. उत्तर सुचेल असा प्रश्न विचारायचा नाही. "भिंत पडली का?" नाही, तर "त्या दिवशी काय झालं?" एवढंच विचारायचं आणि गप्प बसायचं. मास्तरणीला गप्प बसायला सांगणं म्हणजे काय, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

मुक्ताईनगर

डिसेंबरातली सकाळ. पहिल्यांदा मुक्ताईचं दर्शन घेतलं, मग एका केळीच्या बागेत शिरलो. आम्ही म्हणजे मी आणि गाडी चालवणारे संजूभाऊ. संजूभाऊ आमच्या गल्लीतलेच, पन्नाशीचे. गाडी उत्तम चालवतात आणि जीभ त्याहून उत्तम.

बागेचे मालक आबा पंच्याऐंशीचे. भूकंप त्यांनी पाहिला नव्हता, पण आईच्या तोंडून शंभरदा ऐकला होता. तिकडची बोली आमच्यापेक्षा वेगळीच. मी खानदेशात जन्म काढला, तरी दर दोन वाक्यांनी मला "काय म्हणालात?" करावं लागत होतं. आबा सावकाश आठवत होते. आई पहाटे दळत होती, जात्याची पाळ थरथरली, तिला वाटलं आपल्यालाच चक्कर आली. मी अगदी शहाण्यासारखी गप्प बसून लिहून घेत होते. तेवढ्यात संजूभाऊंना राहवलं नाही. "आबा, भिंतीला तडे गेले असतील ना हो?" त्यांनी विचारलं.

झालं! आबा काही पाहुण्याला नाही म्हणणाऱ्यांतले नव्हते. तडे गेले म्हणाले. संजूभाऊंनी विचारलं, विहिरीचं पाणी वर आलं असेल? आलं ना, काठावरच्या थारोळ्यापर्यंत. झाडं पडली असतील? पडली की. पाच मिनिटांत आबांच्या गावाचा आकडा पाचावरून अकरावर गेला. अजून दोन प्रश्न झाले असते तर तापी उलटी वाहिली असती, आणि माधुरीला शाळेतलं काहीतरी खरं ठरल्याचा आनंद झाला असता. मी संजूभाऊंना गाडीत जाऊन बसा म्हणाले. ते गेले, पण बरोबर केळीचा अर्धा घड घेऊन गेले.

बागेतून परतताना ठिबकच्या पाण्याने भिजलेल्या काळ्या मातीत माझी चप्पल रुतली ती रुतलीच. ओढली तर पट्टा हातात, तळवा जमिनीत. आबांच्या सुनेने स्वतःची चप्पल पुढे केली. मी नको नको म्हणत होते, तर ती म्हणाली, अनवाणी पाठवलं तर गावात आमचं नाव काय राहील? मग तिनेच दुपारी भरीत-भाकरीला ठेवून घेतलं. पांढरट हिरवी मोठी वांगी काटक्यांच्या जाळावर भाजून, लाकडी बडगीत ठेचून केलेलं, वर तळलेल्या शेंगदाण्यांचा आणि हिरव्या मिरच्यांचा ठसका, आणि शेजारी कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, काळपट भाकरी. आमच्याकडे धुळ्यातही भरीत होतं. पण घरी गॅसवर भाजलेल्या वांग्याला आता मी भरीत म्हणणार नाही. फॉर्मवर आबांचं जातं तेवढं ठेवलं, बाकी सगळं खोडलं आणि पाच लिहिला.

शिंदखेड्याच्या अलीकडे

मुक्काम जळगावला भाच्याकडे करून दुसऱ्या दिवशी अमळनेरवरून शिंदखेड्याच्या बाजूला आलो. केळी मागे राहिली होती, आता कापूस, तूर आणि कोरडा वारा. गावाचं नाव लिहीत नाही. का, ते पुढे कळेल. पारावर गाडी थांबवून मी माझा प्रश्न विचारला, आणि संजूभाऊंना अगोदरच शेवेची पुडी देऊन त्यांचं तोंड बंद केलं होतं. पारावरच्या माणसांनी एकमुखाने सांगितलं, धरणीकंपाचं विचारायचं तर उतरंडीच्या घरी जा.

उतरंडीचं घर धाब्याचं, मातीच्या सपाट छपराचं, ओसरी पुढे आणि गोठा डाव्या हाताला. दारात मंगलाताई भेटल्या. पंचावन्नच्या, ठसठशीत, हातात दादर ज्वारीचं पीठ. उतरंड म्हणजे एकावर एक रचलेली मडकी हे नव्या पोरींना सांगावं लागतं, पण या घरात ती अजून उभी होती. स्टीलचे डबे, मिक्सर, फ्रिज सगळं होतं आणि कोपऱ्यात तीन मडकी. मोठं खाली, मधलं त्यावर, लहान सगळ्यांत वर.

त्या तीन मडक्यांची गोष्ट मंगलाताईंनी उभ्या उभ्या सांगितली. धरणीकंपाच्या आधी या कोपऱ्यात पाच मडक्यांची उतरंड होती. पहाटे धरणी हलली आणि ती सगळी खाली आली, डाळी, तीळ, गूळ, सगळं मातीत. तेव्हाच्या घरधनिणीने, म्हणजे मंगलाताईंच्या आजेसासूने, त्या दिवशी नेम केला. या घरात तीनच मडकी रचायची, आणि गूळ सगळ्यांत वरच्या मडक्यात ठेवायचा. तो नेम तिने सुनेला दिला, सुनेने मंगलाताईंना.

"चौथं ठेवं का सासू वरडे," मंगलाताई म्हणाल्या. "मी इचारं, गूळ वरेच काब्र? तर म्हने, रीत शे." गूळ वरच का, तर रीत आहे म्हणून.

मला तर नाचावंसं वाटलं. पाच मडक्यांची उतरंड कोसळते आणि तीन पिढ्या घराची रीत बदलते! याहून भक्कम पुरावा कुठला? मी टेप काढून मापं घेतली. तीन मडक्यांची उतरंड तीन फूट. तिथे पाच असती तर पाच फुटांच्या आसपास. फॉर्ममध्ये एक रकाना आहे, "भूकंपानंतर घरात झालेले कायमचे बदल." त्यात लिहिलं, "उतरंड तीनच मडक्यांची. भीतीमुळे." आणि आकड्याच्या चौकटीत ठळक सहा. तिथूनच माधुरीला फोन लावला आणि म्हटलं, घे तुझा सहा.

हे सगळं चाललं होतं तेव्हा खाटेवर आक्का बसल्या होत्या. मंगलाताईंच्या आतेसासू, म्हणजे त्या नेम करणाऱ्या बाईची लेक. ऐन तिशीत नवरा गेला तेव्हापासून माहेरीच. नव्वदी कधीच ओलांडलेली, पण कान शाबूत आणि डोळे लुकलुकते. धरणीकंप झाला तेव्हा त्या सात वर्षांच्या होत्या, घरातच होत्या. साहजिकच मी त्यांना विचारलं, आक्का, त्या दिवशी काय झालं? आक्का माळेचे मणी ओढत राहिल्या. मी गप्प बसले. शेवटी त्यांनी उलट मलाच विचारलं, हा कागद कुठे जाणार? मी सांगितलं, पुण्याला. मग नकाशा होईल, आणि त्यावरून इथल्या शाळा किती मजबूत बांधायच्या ते ठरेल. आक्कांनी मान हलवली आणि पाठ फिरवून पडल्या. म्हातारपण, दुसरं काय, असं म्हणून मी शेवभाजीवर ताव मारला. तिखटाने कान गरम झाले तरी थांबवेना. रात्री शिंदखेड्याला ओळखीच्यांकडे सहाच्या आनंदात गाढ झोपले.

साक्रीला जाता जाता परत

तिसऱ्या दिवशी साक्रीकडे निघायचं होतं. गाडीत सामान ठेवलं आणि मंगलाताईंचा फोन. आक्का रात्रभर झोपल्या नाहीत, सकाळपासून चहाला शिवल्या नाहीत, एकच धोशा लावलाय, कागदवाल्या बाईंना बोलवा. मला वाटलं, तब्येतीचं काहीतरी. संजूभाऊंनी गाडी अशी पळवली की माझ्याच उतरंडी हलल्या.

आक्का ओसरीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या, डोईवर पदर नीट घेतलेला. मला समोर बसवलं, मंगलाताईंना बोलावून घेतलं. मग म्हणाल्या, "बाई, काल तू जे लिखं ना, ते खोटं शे. ती उतरंड धरनीकंपनी नही पाडी. मी पाडी."

मंगलाताईंच्या हातातला चहा बशीत सांडला.

मग आक्कांनी सगळं सांगितलं. पहाटे आई गोठ्यात दूध काढत होती, बाप ओट्यावर झोपलेला. घरात कोणी नाही हे बघून सात वर्षांची आक्का गुळासाठी पाट उभा करून त्यावर चढली. गूळ पाचव्या मडक्यात. एक हात गुळात, दुसरा मडक्याच्या काठाला, आणि पाट सरकला. पाचही मडकी तिच्या अवतीभोवती फुटली. ती हललीच नाही. आता आई येणार, आता पाठीत बसणार, म्हणून खापऱ्यांच्या मधोमध मुठीत गूळ धरून उभी राहिली. आणि आई यायच्या आत धरणी आली.

"कशी आली?" मी विचारलं.

भरलेल्या गाड्यांची रांग दारावरून जावी तसा आवाज आला, आक्का म्हणाल्या. दाराची कडी आपोआप वाजली. शिंकं झुललं आणि त्यातल्या भांड्यातलं ताक गोठ्याच्या बाजूच्या भिंतीवर उडालं. समोरच्या कोपऱ्यात पितळी भांड्यांची लहान उतरंड होती. तिची झाकणं थडथड वाजली, भांडं एकही पडलं नाही. बाप ओट्यावर उठून बसला आणि "कोन शे?" म्हणून ओरडला. भिंतीला ओरखडा नाही. एवढ्यात सगळं थांबलं. आई दुधाची चरवी घेऊन दारात आली. आक्काने तोंड परकराला पुसलं. आईने खापऱ्यांकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं, आणि शेजारणींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, बघा, धरणीकंपाने माझी उतरंड पाडली. आक्काने हूं की चूं केलं नाही. तेव्हापासून आजतागायत नाही.

मी फॉर्म काढला. सांगायला लाज कशाला, सहावर रेघ मारणं जिवावर आलं. आमच्या खानदेशाचा एकुलता एक सहा! म्हटलं, आक्का, इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाहीत, कालही गप्प राहिलात, मग आजच का?

आक्कांनी माझ्या हातातल्या कागदाकडे बोट केलं. "पोरेसनी शाळा मन्हा गूळवर बांधशात का?"

पोरांची शाळा त्यांनी चोरलेल्या गुळावर उभी राहू नये, एवढंच. सहाचा पाच केला. आणि गंमत म्हणजे, इतका पक्का पाच मला सगळ्या प्रवासात मिळाला नव्हता. मार खायच्या भीतीने जागच्या जागी थिजलेली, टक्क जागी पोर. तिने जे पाहिलं ते कुठल्या यंत्राने पाहिलं नसतं. कडी, शिंकं, झाकणं, बापाची हाक, एकेक गोष्ट रकान्यात जाऊन बसली. मी आक्कांना म्हटलं, तुमचा कागद सगळ्यांत चांगला झालाय, पैकीच्या पैकी. तेव्हा कुठे त्यांनी चहा मागितला.

मंगलाताई मात्र अजून खापऱ्यांतच उभ्या होत्या. पस्तीस वर्षं आपण तीन मडक्यांत संसार केला, सासूची बोलणी खाल्ली, आणि कशासाठी, तर आतेसासूने गूळ चोरला म्हणून! पहिल्यांदा त्या रागावल्या, मग त्यांना हसू फुटलं, मग आम्हा सगळ्यांनाच. संजूभाऊ तर ओट्यावर लोळायचे बाकी होते. हसता हसताच मंगलाताई आत गेल्या, माळ्यावरून एक मडकं काढलं, पुसलं आणि गूळ त्यात भरून उतरंडीवर चौथं चढवून दिलं. कमरेवर हात ठेवून दोन पावलं मागे येऊन बघितलं. उंच उतरंड काय छान दिसते, असं मला म्हणाल्या.

आम्ही चहा पीत होतो तोवर मंगलाताईंची नात परी शाळेतून धापा टाकत आली. दुसरीतली पोर. दप्तर ओसरीवर टाकलं आणि थेट कोपऱ्यात. रोजच्या सवयीने हात लांब केला. हात मडक्याच्या पोटावर आपटला. टाचा उंचावल्या, तरी नाही. मग तिने इकडे तिकडे पाहिलं, भिंतीला लावलेला पाट ओढला आणि उतरंडीशी उभा केला.

"मंगल!" आक्का ओरडल्या. एवढ्याशा जिवातून एवढा आवाज निघेल असं वाटलं नव्हतं. मंगलाताईंनी धावत जाऊन पोरीला पाटावरून उचललं, आणि तोच हात पुढे करून चौथं मडकं खाली घेतलं. गूळ पुन्हा तिसऱ्यात टाकला. परीने, काय चाललंय ते न कळून, उभ्या उभ्या तिसऱ्या मडक्यात हात घातला. कोपरापर्यंत गेला. ना टाचा उंचावल्या, ना पाट लागला. खडा काढून ती खेळायला पळाली.

काल मी त्या उतरंडीची टेपने मापं घेतली होती, पण ती कोणाच्या मापाची आहे हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. गोठा घराला लागूनच, मधे एक भिंत. पाच मडकी फुटल्याचा आवाज, आणि त्यानंतर हललेली धरणी, दोन्ही त्या माउलीने दूध काढता काढता ऐकलं असणार. आक्का उतरंडीकडे बघत होत्या. त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्या हसतही होत्या.

"मायले माहीत व्हतं," त्या म्हणाल्या.

मंगलाताई त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या आणि गुळाचा एक खडा त्यांच्या हातावर ठेवला. आक्कांनी तो लगेच खाल्ला नाही, मुठीत धरून ठेवला.

साक्री त्या दिवशी राहिली. दुपारी खापरावरची पुरणपोळी झाली, अशी की उचलली तर ताटाबाहेर लोंबेल. संध्याकाळी निघताना गाडीत बसून मी फॉर्म पुन्हा चाळला. आकडा पाच, सगळे रकाने भरलेले. फक्त एक जागा चुकलेली होती, "कायमचे बदल" या रकान्यात. "उतरंड तीनच मडक्यांची" हे तसंच ठेवलं. पुढचं "भीतीमुळे" खोडलं आणि लिहिलं, "लेकीचा हात पोहोचावा म्हणून."